तीन टिंबं आणि एक रेघ

युसूफ,

सात वर्षं मी हे सांगायचं टाळलं. सांगायचं ठरवून तुझ्या दुकानापर्यंत यायचो, बाकड्यावर बसायचो, चहा प्यायचो, धानावरच्या रोगापासून नागपूरच्या गाडीपर्यंत सगळं बोलायचो आणि तेवढं एक सोडून उठायचो. तू जाऊन महिना होत आला. आता बाकडं आहे, तू नाहीस, आणि मला सगळी वाक्यं बरोबर सुचत आहेत.

हे तुला लिहितोय, पण देणार आहे नाटक मंडळाच्या या हंगामाच्या पुस्तिकेला. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. खरं तुझ्या कबरीपाशी एकट्यानं पुटपुटून भागणार नाही.

नव्या लोकांना तू माहीत नसशील. वडशात ब्रह्मपुरीच्या रस्त्याला, राइस मिलच्या भिंतीला टेकून टिनाची एक शेड होती आणि बाहेर सिमेंटचा हौद. तिथं तू चाळीस वर्षं रेडिएटर दुरुस्त केलेस. बांबूचे ट्रक, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, नाटकवाल्यांचे जनरेटर. सिरोंच्याहून आलेले ड्रायव्हर तुझ्याशी तेलुगूत भांडायचे, तू त्यांना आपल्या झाडीबोलीत उत्तर द्यायचास, आणि काम नेमकं व्हायचं. दुरुस्त झालेला रेडिएटर तू हौदात बुडवायचास, आतून हवा सोडायचास आणि पाण्याकडे बघत बसायचास. एक बुडबुडा आला तरी पुन्हा कथिलाचा डाग द्यायचास. एकही आला नाही, की लहान पंच घेऊन पितळेवर तीन टिंबं आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ ठोकायचास. ती तुझी खूण. वडशातला कुठलाही गाडीवाला ती ओळखायचा.

"हा शिक्का असलेलं काम वापस आलं, त फुकट करून देईन," तू म्हणायचास, "अन् चार लोकाईसमोर चूक माही म्हनून सांगीन."

चाळीस वर्षांत तुला तसं सांगावं लागलं ते एकदाच. ते का, हेच मला लिहायचं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकलो आणि नामदेवभाऊंच्या नाटक मंडळासाठी पडद्यावरची दृश्यं करू लागलो. तोवर नटांच्या मागं मोठे एलईडी पडदे आले होते. इतर मंडळं त्यावर आयते व्हिडिओ लावत. माझं जंगल नटाच्या चालीबरोबर हलायचं. खलनायक आला की पळसाची पानं थरथरायची, नायिका नदीकाठी बसली की पाणी संथ व्हायचं. हे सगळं तिथल्या तिथं तयार व्हायचं, आणि तो सगळा भार कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर पडायचा. कार्ड जुनं होतं. नवं घेण्याची माझी ऐपत नव्हती आणि नामदेवभाऊंना ते पटवण्याइतकं धाडसही नव्हतं. नागपूरच्या एका दुकानदारानं फोनवर युक्ती सांगितली, कार्डाला ठरवून दिलेला वेग आपणच वाढवायचा. ओव्हरक्लॉक. मी वाढवला. पाणी सुरेख वाहू लागलं. आणि दहा मिनिटांत कार्ड इतकं तापायचं की मशीन आपोआप बंद.

ते घेऊन मी तुझ्याकडे आलो होतो. खरं तर गप्पा मारायलाच आलो होतो. पिशवीत कार्ड होतं, आणि भंगारात निघालेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारं हीटसिंक होतं. तांब्याच्या चार नळ्या आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची उतरंड. तू ते हातात घेतलंस, कानाशी नेऊन हलवलंस.

"याच्यात पानी किती?"

"थेंबभर असते म्हणतात. नळी दोन्हीकडून बंद आहे."

"बंद? मंग भरता कसे?"

"भरायचंच नाही. कायमचं असते."

तुझा विश्वास बसला नाही. तू चहाचा ग्लास पुढे ओढलास आणि हीटसिंकचं तांब्याचं बूड सरळ त्या उकळत्या चहात ठेवलंस. वरच्या पत्र्याला बोट लावलंस आणि झटकन काढलंस. मग हसू लागलास. मी तुला इतकं खूश क्वचित पाहिलं होतं.

"मास्तर, हे त वरतून लवकर गरम झालं! चहात हात घातला त एवढ्या लवकर पोळनार नाई. हे कोनं बनवलं बे? त्याचे हात चुमले पाहिजे."

"माझा चहा गेला ना पण."

"तुमचा कुठी, माहा होता तो."

तू मला 'तुम्ही' म्हणायचास आणि मी तुला 'तू'. वय आपलं एकच. शाळेतला मास्तर आणि रेडिएटरवाला, म्हणून ते तसंच चालून गेलं. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तुला तेव्हाही दिसत असेल.

आपली भांडणं मात्र बरोबरीची होती. वेग वाढवायच्या तू अगदी विरोधात होतास. "गाडी ज्या लोडची, तिले तेवढंच भरावं. इंजिनाले जास्त पळवता अन् रोग रेडिएटरवर ढकलता," म्हणालास. मी म्हटलं, चित्र जिवंत वाटायचं असेल तर हे करावंच लागेल. तू म्हणालास, "मंग जिवंत वाटन, पन किती दिवस जगन?" पंख्यानं हवा आत फेकावी की बाहेर ओढावी, यावरून तर आपण पंधरा दिवस भांडलो. तू ओढण्याच्या बाजूचा होतास. शेवटी माझ्या हट्टापायी फेकणारा लावलास आणि म्हणालास, "पुढच्या खेपेले उलटा लावून पाहू." ती खेप आली नाही. अलीकडे दुसऱ्या मशीनवर मी पंखा उलटा लावून पाहिला. तुझंच बरोबर होतं, चार अंशांनी.

प्रोसेसरचं हीटसिंक ग्राफिक्स कार्डावर बसत नाही. भोकांचं अंतर वेगळं, उंची वेगळी. तू महिनाभर त्याच्याशी खेळत होतास. गिऱ्हाईक नसलं की ते काढायचं. बूड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घासून असं सपाट केलंस की त्यात माझा चष्मा दिसायचा. आडवे येणारे पत्र्यांचे कोपरे कापलेस, आणि त्याच तुकड्यांचे बारके चौकोन करून शेजारच्या मेमरीच्या चिपांवर चिकटवलेस. सगळं वजन कार्डाला पेलेना, तर सायकलच्या चाकाचा आरा वाकवून ते कॉम्प्युटरच्या डब्याच्या छताला टांगून दिलंस. आणि धरून ठेवायला पितळेची एक पट्टी केलीस, चार कोपऱ्यांना चार स्क्रू.

त्या पट्टीबद्दल तू मला दोनदा बजावलंस. पहिल्यांदा दुकानात, दुसऱ्यांदा माझ्या घरी येऊन मशीन चालू करून दिलंस तेव्हा. पट्टीखाली कार्डाची चिप उघडी आहे, प्रोसेसरसारखी तिच्यावर टोपी नाही. "घड्याळाच्या काचेवानी समजा. एक स्क्रू अर्धा आटा फिरवा, मंग त्याच्या समोरचा अर्धा आटा. एक बाजू पुरी कसली त दुसरी बाजू उचलते. अन् खोललं त मधातली गरमी नेनारी पेस्ट नवी लागते. तुमी खोलूच नका. काई झालं त मले आवाज द्या."

मशीन तासभर चाललं. हात लावला तर कोमट. तू पट्टीवर खूण ठोकूनच आणली होतीस, तीन टिंबं आणि एक रेघ. मी तुला म्हटलं, "हौदात न बुडवताच शिक्का मारलास?"

"चहात बुडवलं ना," तू म्हणालास.

यानंतरचं तुला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी सांगितलं नाही.

हंगामाच्या आधी गावोगावच्या मंडळांचे लोक नाटकं ठरवायला वडशात येतात. नामदेवभाऊंनी त्या वर्षी ठरवलं होतं की मिलच्या रिकाम्या गोदामात दुपारी पडदा लावायचा, नटांना दोन प्रवेश करायला लावायचे आणि लोकांना आमचं हलतं जंगल दाखवायचं. त्याच्या दोन दिवस आधी ते माझ्या घरी आले. मशीनच्या उघड्या बाजूनं बाहेर आलेली ती पत्र्यांची उतरंड बघून थबकले.

"मास्तर, हे का होय? कोनं बनवलं?"

मी म्हणालो, "मीच."

असं का म्हणालो याचं उत्तर मी सात वर्षं शोधतोय. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांना 'स्वतःचं काढा, दुसऱ्याचं उतरवू नका' म्हणत आलो. पण नामदेवभाऊंनी ज्या नजरेनं त्या वस्तूकडे पाहिलं, तशा नजरेनं माझ्या चित्रांकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती नजर मला हवी होती. एका शब्दात मिळाली.

"वा मास्तर! मंग असं करू, त्या दिवशी हा डब्बा उघडाच ठेवू. म्हना लोकाईले, वडस्यात बनलं, आमच्या मास्तरनं बनवलं. बाकीच्या मंडळाईची बोलती बंद."

ते गेले. आणि मला पट्टीवरची तुझी खूण दिसली. नामदेवभाऊंनी ती त्या दिवशी पाहिली नव्हती, अंधार होता कोपऱ्यात. गोदामात उजेड असणार. त्यांच्याच तीन जनरेटरवर ती खूण होती. येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ट्रॅक्टरवर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शेजारी गेली असताना मी कानस काढली. पितळेचा भुसा कार्डावर पडला तर शॉर्ट होईल, एवढं मला कळत होतं, म्हणून पट्टी काढून घेतली. बघ, किती काळजी घेतली मी. खिडकीत बसून आधी रेघ घासली, मग टिंबं. तू ती खोल ठोकायचास. तिसरं टिंब जाता जाईना. पट्टी तिथं पातळ झाली तेव्हा कुठं गेलं. पेस्ट नवी नव्हती, जुनीच बोटानं सारखी केली. मग पट्टी ठेवली आणि डावीकडचे दोन्ही स्क्रू कसून टाकले, कारण हीटसिंक घसरत होतं आणि मला एकच हात मोकळा होता. मग उजवीकडचे. बारीकसा आवाज आला. नख तुटल्यासारखा. मी थांबलो, ऐकलं, पुन्हा काही आलं नाही. मशीन चालू केलं, झालं चालू. मी कानस जागेवर ठेवली आणि खिडकीतला पितळेचा भुसा फुंकरीनं उडवून दिला.

गोदामात दीडेकशे लोक असतील. नामदेवभाऊंनी डबा टेबलावर ठेवून, माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "आमच्या मास्तरचं डोकं आहे हे." टाळ्या झाल्या. पडद्यावर जंगल उभं राहिलं, नायिका आली, पाणी संथ झालं. पाव तास. मग पळसाच्या झाडात हिरवे-जांभळे चौकोन दिसू लागले. कुणाला तरी वाटलं, तीही जादूच आहे, त्यानं आणखी टाळ्या वाजवल्या. मग पडदा काळा झाला. नटी काळ्या पडद्यापुढं पाण्यात हात बुडवल्यासारखं करून बसून राहिली.

नामदेवभाऊ माझ्याकडे वळले. "मास्तर?"

आणि मी म्हणालो, "ते रेडिएटरवाल्या युसूफकडून करून घेतलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, हे गाड्यांचं काम नव्हे."

पाव तासापूर्वीपर्यंत ते माझं होतं. आता ते तुझं झालं. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, इतकं सोपं होतं ते. आरमोरीकडचा एकजण मागून ओरडला, "कॉम्प्युटरले रेडिएटर बसवलं? पानी टाकलं का त्याच्यात?" सगळं गोदाम हसलं. मीही हसलो, युसूफ. थोडासा.

कुणी तरी मोटरसायकलवर तुला घेऊन आलं. तू हात पुसत आलास, तुझ्या बोटांना डाग देताना लागणाऱ्या नवसागराचा वास होता. कुणी काही सांगायच्या आत तू स्क्रू काढलेस, समोरासमोरचे, अर्धा अर्धा आटा. पट्टी हातात घेतलीस आणि उजव्या अंगठ्यानं ती जागा चाचपलीस. एकदा. मग खाली वाकून चिपकडे पाहिलंस. कोपऱ्याचा सुईच्या टोकाएवढा टवका गेला होता.

"मास्तर," तू हळूच विचारलंस, "हे कोनी खोललं होतं का?"

"नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. हौदातल्या पाण्याकडे बघायचास तसं, कुठून बुडबुडा येतो का ते बघत. मी नजर नामदेवभाऊंकडे वळवली.

"बरं," तू म्हणालास. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "काम माह्यं होतं, भाऊ. चूक माही."

तू हीटसिंक आणि पट्टी रुमालात गुंडाळलीस. जाता जाता मला म्हणालास, "हे माह्यापाशी राहू द्या, मास्तर. याल तेव्हा घेऊन जा."

नामदेवभाऊ जनरेटर दुसरीकडे न्यायला लागले, त्यांचं बघून आणखी दोन मंडळांनी नेले. तुझं दुकान काही बंद पडलं नाही, ट्रॅक्टरवाले येतच राहिले. पण नाव जे जायचं ते गेलं. मिलवरचे हमाल जाता-येता विचारायचे, "काय युसूफभाई, माह्या मोबाईलले रेडिएटर बसवून देता का?" आणि तू वर न बघता सांगायचास, "देतो ना. कूलंट तुह्या घरून आन." हसायचास त्यांच्याबरोबर. मी बाकड्यावर असायचो कधीकधी. माझ्यासमोर तू जास्त हसायचास, असं मला वाटायचं. मला ते सहन व्हावं म्हणून.

मला वाटलं होतं, तू बोलणं तोडशील. तोडलं असतंस तर बरं झालं असतं. तू काहीच तोडलं नाहीस.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे होते आणि मला ते स्वतःला घालता येईनात, गालावरच पडायचे. तू नमाजाच्या वेळांशी थेंबांच्या वेळा जुळवून घेतल्यास. सायकल लावायचास, हात साबणानं धुवायचास, माझी मान मागं करायचास. तुझे अंगठे जाड, भाजलेले, त्यांना कायम नवसागराचा वास. पापणी मात्र अशी उचलायचास की कळायचंही नाही. ज्या अंगठ्यानं तू ती घासलेली जागा चाचपली होतीस, तोच अंगठा.

"हलू नका, मास्तर. पाच मिनिटं डोळे मिटून राहा."

रोज चार वेळा पाच पाच मिनिटं. तू शेजारी खुर्चीवर बसून असायचास. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, नजर कुठं वळवायची हा प्रश्न नव्हता. एकवीस दिवस. यापेक्षा सोपी जागा देवानं कुणाला दिली नसेल. एकदा मी सुरुवातही केली.

"युसूफ, ते गोदामात..."

"हं?"

वाट बघितलीस. बाहेर मिलचा भोंगा झाला. मी म्हणालो, "त्या गोदामाचं छत या पावसात उडालं म्हणे."

"हो," तू म्हणालास. "उडालं."

तुझ्या जनाज्याला मी आलो होतो. मागं उभा होतो, चपला कुठं काढायच्या ते मला कळत नव्हतं. नमाजाच्या आधी तुझा जावई पुढं आला आणि लोकांकडे वळून म्हणाला, मरहूमकडून कळत-नकळत कोणाला काही त्रास झाला असेल, कोणाचं मन दुखलं असेल, तर आज त्यांना माफ करा. सगळे म्हणाले, माफ केलं. माझ्या शेजारचा तो मिलवरचा हमाल, मोबाईलला रेडिएटर मागणारा, त्यानंही डोळे पुसत म्हटलं, माफ केलं. माझ्याकडे बघितलं. मीही बोलावं म्हणून.

मी तुला माफ करायचं होतं, युसूफ. मी वाकून चपलेचा अंगठा सारखा करू लागलो. लोकांना वाटलं, मास्तर डोळ्यांतलं पाणी लपवतायत.

माती टाकायला मात्र मी पुढे गेलो. तीन मुठी.

परवा तुझी मुलगी शाहीन घरी आली. दुकान ती बंद करणार नाही म्हणाली. तुझ्या हाताखालचे दोघं सांभाळतील, देखरेख ती करणार. चांगली धीराची आहे. पिशवीतून एक रुमालाचं गाठोडं काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"काका, हे तुमचं. अब्बू म्हनत, मास्तर येतील न्यायले. कपाटात वरच ठेवलं होतं. दरवर्षी दिवाळीत आम्ही झाडझूड करताना विचाराचो, फेकू का? त म्हने, राहू दे, येतील." मग जराशी चिडून म्हणाली, "तुम्ही आलाच नाई. रोज बाकड्यावर बसत होते, अन् हे एक न्यायचं नाई झालं तुमच्यानं?"

मी म्हटलं, "नाही झालं, बेटा."

ती गेल्यावर मी रुमाल सोडला. हीटसिंक लख्ख होतं. पट्टीवर घासलेली जागा तशीच होती, पातळ, थोडी खोलगट. तिथं तू पुन्हा खूण मारली नव्हतीस. पण स्क्रू तेच नव्हते. चारही स्क्रूंना तू बारीक स्प्रिंगा घातल्या होत्या, आणि आत पितळेची एकेक छोटी नळी, बुश, बसवली होती, चारही अगदी एका मापाची. मी स्क्रू फिरवून बघितला. थोडा फिरतो आणि थांबतो. कितीही जोर लावा, पुढं जात नाही. एक बाजू आधी कसली, मग दुसरी कसली, तरी पट्टी सरळच बसते. एका हातानं करणाऱ्याकडूनही चूक होणार नाही, असं करून ठेवलं होतंस तू ते.

तुला सगळं कळलं होतं. कोणी उघडलं, का उघडलं, कसं कसलं. आणि तू बसून, कुठल्या तरी रिकाम्या दुपारी, माझ्या हाताला जमेल अशी ती वस्तू नव्यानं केलीस. आणि वर ठेवून दिलीस. आणि वाट बघितलीस.

काल मी नामदेवभाऊंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, कानशीपासून. ऐकून झाल्यावर त्यांनी तोंडातलं पान थुंकलं.

"मास्तर, आता काऊन सांगून राह्यले? तो त गेला."

"म्हणूनच."

"त्याले का फायदा याचा?"

"काही नाही."

"अन् तुमची इज्जत?"

"तीच तर त्याची होती, भाऊ. माझ्याकडं राहिलेली."

ते उठले, आत गेले, पुन्हा आले. "म्या त्याले माह्या दारात उभा नाई केला सात वर्षं," म्हणाले. "ईदले त्याच्या घरचा शिरखुर्मा यायचा, तेवढा घ्याचो." मग म्हणाले, "लिहा. जसंच्या तसं छापतो." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं पाहतील की नाही, माहीत नाही.

पट्टी मी कार्डावर चढवणार नाही. शाहीनला दुकानात लावायला देणार आहे, हौदाच्या वर, घासलेली बाजू दिसेल अशी. ती विचारेल. तिलाही सांगेन. पण तिला सांगणं म्हणजे तुला सांगणं नव्हे, हे मला कळतं.

त्या एकवीस दिवसांतल्या एका दुपारी, मिलचा भोंगा होऊन गेल्यावर, डोळे मिटूनच मला जे म्हणायचं होतं ते इतकंच होतं. गोदामात तू म्हणालास तेवढंच लांब.

युसूफभाऊ, पट्टी म्या खोलली होती. तुमचा शिक्का म्या घासला. काम तुमचं होतं, चूक माही. मले माफ करा.